हिरव्या पानाची बाटली

५ जानेवारी, सोमवार

ही डायरी हॉटेलनं फुकट वाटली. कागद रद्दीपासून केलाय म्हणे. पेन टेकवलं की शाई पसरते आणि पलीकडच्या पानावर उमटते. फुकट द्यायची तर धड तरी द्या! पण हे परवाच म्हणाले, "अगं, बाहेरचा राग चपलांबरोबर दारात काढून येत जा." दारात कुठे काढू? इथेच काढते.

नवे मॅनेजर आले आहेत. आल्यापासून तोंडात एकच शब्द, हिरवं. हिरवी वीज, हिरवा पाहुणा, हिरवं हॉटेल. पोरींनी दुपारपर्यंत नाव पाडलंसुद्धा, हिरवे साहेब. आज जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवून भिंतीवर माशांची चित्रं दाखवली. आपल्या बाथरूमचं पाणी तळ्यात जातं, ब्लीचमुळे मासे मरतात. जी कंपनी आपल्याकडे पाहुण्यांचे ग्रुप पाठवते तिला आता हिरवं मानांकन असलेलंच हॉटेल हवंय. ते मिळालं नाही तर पुढच्या हंगामात ग्रुप बंद, मागची इमारत बंद, आणि तिथल्या बायका घरी. तेव्हा आजपासून ब्लीच बंद, फिनेल बंद. व्हिनेगर घालून केलेलं पाणी फवारायचं, पुसायचं, झालं. का, कसं, कशावर चालतं, कशावर नाही, ते पुढे सांगणार होते बहुतेक. तेवढ्यात चहा आला आणि सभा उठली.

मागची इमारत म्हणजे माझी इमारत. तिथली साफसफाई मी बघते. माझ्या धाकट्या जावेला मीच तिथे चिकटवलंय. तिचा नवरा बोटीवर, वर्षातला बराच काळ घराबाहेर. तिची नोकरी गेली तर घरात चूल बंद पडेल असं नाही, पण ती दिवसभर घरात बसून बडबड करेल आणि माझं डोकं फिरेल.

८ जानेवारी, गुरुवार

बाटल्या आल्या. काचेच्या, वर हिरव्या पानाचं चित्र. मी एक उघडून नाकाला लावली. काही नाही. नुसतं पाणी! यानं संडास साफ होणार? यानं माझं कपाळ साफ होईल.

धाकटीनं हुंगली आणि मान मागे घेतली. "अगं बाई, केवढं आंबट! ताई, माझ्या डोळ्यांत पाणी आलं." हिला कशाचंही कौतुक. परवा एका पाहुण्याच्या कचऱ्यात बांबूचा टूथब्रश सापडला, प्लास्टिकच्या वेष्टनात. ती तो हातात धरून कॉरिडॉरभर भाषण देत हिंडली. सगळ्या हसत होत्या. काम करतानाही तोंड चालूच. ती कुठल्या खोलीत आहे हे मला शोधावं लागत नाही, आवाजावरून कळतं.

जुना माल स्टोअरला परत करा म्हणाले. केला. चार-दोन कॅन मागच्या जिन्याखाली पोछ्यांच्या मागे ठेवले. घरी नेले नाहीत, विकले नाहीत. हॉटेलचेच आहेत आणि हॉटेलातच आहेत. मी इथे लागले तेव्हा जुने मालक म्हणायचे, दार उघडलं की स्वच्छतेचा वास आला पाहिजे. माझ्या खोल्यांना तो यायचा. माझी बढती त्या वासावर झालीय, माशांवर नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

आजचे दोन चमत्कार.

एक. पाहुण्यांकडून रोप लावून घेतात, फोटो काढतात. जागा आहे एवढीशी, येणारे ग्रुपवर ग्रुप. मग माळी काय करतो, ग्रुप गेला की तेच रोप उपटतो, पाणी मारून सावलीत ठेवतो आणि पुढच्या ग्रुपच्या हातात देतो. "बाई, हे बिचारं लावून लावून दमलं," म्हणाला. आणि लॉबीतलं कारंजं दिवसभर उडतंय, ते कुणाला दिसत नाही.

दोन. वायरमन आला आणि बाथरूमचे पंखे पाहुण्याच्या कार्डाला जोडून गेला. पाहुण्यानं भिंतीच्या खाचेत कार्ड घातलं की दिवा लागणार, पंखा लागणार. पाहुणा नसेल तर सगळं बंद. आम्ही साफ करतो तेव्हा पाहुणा नसतोच! पूर्वी एक जुनं कार्ड घालून आम्ही काम चालवायचो. ती कार्डंही साहेबांनी गोळा केली. मी विचारलं, "अंधारात घासायचं का?" तर म्हणतात, "वर झरोका आहे ना, नैसर्गिक उजेड वापरा." यांच्या ऑफिसात एसी चालू होता, दार उघडं टाकून.

पाण्याचंही मीटर बसवलंय, प्रत्येक मजल्याला वेगळं. आकडा वाढला की माझी हजेरी.

१७ जानेवारी, शनिवार

आज सगळ्यांसमोर माझी शोभा झाली. कोपऱ्यातल्या खोलीच्या पाहुण्यानं संडासातले पिवळे डाग दाखवले. साहेब मला म्हणाले, "मोठ्या बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." माझ्याकडून! आंबट पाण्यानं डाग जात नाहीत ते मी सांगायला गेले तर हात वर करून गप्प केलं. इतक्या वर्षांत माझ्या खोलीबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. घरी येईपर्यंत अंगाची आग आग होत होती.

ठरवलं. मानांकनाच्या बाई येतील तेव्हा अशा कळकट खोल्या दाखवायच्या काय? मग मिळालंच मानांकन! उद्यापासून पोरी कामाला लागायच्या आधी मी एकटी फिरणार. रिकाम्या झालेल्या खोल्यांच्या बाथरूममध्ये ब्लीच ओतून ठेवणार, भांड्यात आणि फरशीवर. मागून पोरी येतील आणि आपली पानाची बाटली फवारतील. डाग जातील. साहेब खूश, मासे काय म्हणतील ते म्हणोत.

२२ जानेवारी, गुरुवार

डाग गेले. बाथरूम कशी आरशासारखी चमकतायत! साहेब येऊन बघून गेले. "पाहिलंत, व्हिनेगरची ताकद?" मी मान हलवली. हसू दाबताना खोकला आला. हा खोकला या हिवाळ्यात काही सोडत नाहीये.

एक मात्र आहे, ब्लीचमध्येही आता भेसळ येते. पूर्वी झाकण उघडलं की झणका यायचा. आता काही म्हणजे काही येत नाही. म्हणून मी दुप्पट ओतते.

एका पाहुणीनं तक्रार केली, खोलीत उग्र वास येतो, डोकं दुखतं. मी जाऊन पाहिलं. खोलीत वासाचा पत्ता नाही. काही लोकांना तक्रार केल्याशिवाय सुट्टी घेतल्यासारखं वाटतच नाही.

घरी दूध लागलं. हे बाहेरून ओरडत आले, "अगं, घरभर करपलेला वास सुटलाय आणि तू गॅससमोर उभी!" धाकटी मध्ये पडली, "नाही हो दादा, आत्ताच लागलं, कडेलाच." मी भाजी चिरत होते. एकीकडे लक्ष असलं की दुसरीकडे होतंच असं. तरी यांनी जेवताना तीनदा काढलं.

धाकटीचं एक नवीन खूळ. बाथरूममध्ये गेली की आधी बादलीभर पाणी फरशीवर ओतते, भांड्यात ओतते, मग बाटली उघडते. मी सांगितलं, अगं, मीटर आहे. "हो ताई," म्हणाली आणि पुढच्या खोलीत परत तेच.

२९ जानेवारी, गुरुवार

साहेबांनी बोलावलं. माझ्या मजल्याचं पाणी सगळ्यांत जास्त. "पाण्याच्या आकड्यावर मानांकन अडकलं तर जबाबदार तुम्ही." मी खाली मान घालून ऐकलं. ऐकावं लागलं.

तिथून सरळ वर गेले. धाकटी बादली भरून निघालेलीच होती. माझा तोल गेला. सगळ्या पोरींसमोर म्हटलं, "तुला मी चिकटवलं म्हणून तू राणी झालीस काय? कुणाच्या जिवावर पाणी ओततेस? हे मानांकन गेलं तर या सगळ्यांच्या पोटावर पाय येईल!" ती म्हणाली, "ताई, ऐका ना, एक सांगायचं होतं." मी म्हटलं, "तुझं एक म्हणजे तासभर. मला वेळ नाही." तिच्या हातातली बादली हिसकावली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. आता बघते कशी ओतते.

संध्याकाळी घरी येताना गाडीत गप्प बसली होती. बरं झालं. एक दिवस तरी कानांना आराम.

३० जानेवारी, शुक्रवार

धाकटी पडली. हॉस्पिटलात आहे. पुढचं नंतर लिहीन.

१ फेब्रुवारी, रविवार

जिवाला धोका नाही म्हणतात. नाकाला नळी आहे. छातीत घरघर. भाऊजींना निरोप गेलाय, ते बंदराला लागल्यावर निघतील.

शुक्रवारी मी कॉरिडॉरच्या या टोकाला चादरी बघत होते. कोपऱ्यातल्या खोलीतून धाकटीचा आवाज येत होता, स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती. मग आवाज बंद झाला. ती गप्प कशी, म्हणून मी वळले, तर पोरी नाक दाबून खोकत बाहेर पळत होत्या. "ताई, आत जाऊ नका!" मी गेले. बाथरूमचं दार लावलेलं होतं. दारामागची भिंत घासायची तर दार लावावंच लागतं. पंखा बंद. ती भिंतीला टेकून बसली होती, तोंड उघडं, पानाची बाटली मांडीत. माझ्या डोळ्यांची आग झाली, घसा सोलून निघाला, पण मी तिला काखेत धरून ओढत बाहेर आणलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय वापरलं होतं. मी म्हटलं, "आमच्या साहेबांचं हिरवं पाणी! व्हिनेगर. त्यानंच केलं हे. मी पहिल्या दिवसापासून सांगतेय." त्या म्हणाल्या, "नुसत्या व्हिनेगरनं असं होत नाही. खाली ब्लीच होतं का?"

मी धाकटीचं पांघरूण सारखं केलं.

"ब्लीचवर व्हिनेगर पडलं की विषारी वायू निघतो. बंद खोलीत तर फारच वाईट. पण वास इतका उग्र असतो की माणूस आधीच बाहेर पळतो. ती उशिरापर्यंत थांबली, काम संपवायला बघत असेल. तुम्ही आत कशा गेलात? तुम्हाला वास नाही आला?"

मी म्हटलं, मला सर्दी आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार

मला सर्दी नाही.

सकाळी हे बाहेर गेल्यावर घरातलं एकेक उघडून नाकाला लावलं. कॉफीचा डबा. कपडे धुवायचा साबण. डोकेदुखीचा बाम. लसूण ठेचून बोटाला चोळला. काही नाही. बामानं नाक थंड पडलं, वास नाही. मग न्हाणीघरातली फिनेलची बाटली उघडली. डोळ्यांत पाणी आलं आणि वास नाही.

ब्लीचमध्ये भेसळ नव्हती.

किती दिवस झाले असतील असं? कधी गेलं, कळलंसुद्धा नाही. तरुणपणापासून ओणवं होऊन, बंद बाथरूममध्ये, ब्लीचवर तोंड करून घासलंय मी. त्या वासावर बढती दिली मला, आणि नाकच घेतलं. कुणी एका शब्दानं सांगितलं नाही. आणि हे हिरवे साहेब! माशांची चित्रं दाखवली. माशांच्या कल्ल्यांना काय होतं ते रंगवून दाखवलं. अहो, मासे तळ्यात, आम्ही तर त्या ब्लीचच्या तोंडावर बसलेल्या! आमच्या छातीचं एक चित्र दाखवायचं होतं. "याच्यावर ते ओतू नका, मराल," एवढं एक वाक्य. पण चहा आला ना.

मी ओतलं. मीच ओतलं. तिच्या खाली मी विष ओतून ठेवलं आणि वरून तिची बादली काढून घेतली. कुणाच्या थोबाडीत मारू?

४ फेब्रुवारी, बुधवार

साहेब फळं घेऊन हॉस्पिटलात आले. टोपलीला प्लास्टिक नव्हतं, ते त्यांनी दाखवलं. मग मला बाहेर घेऊन गेले. "बाई, हिला आधीपासून दमा असेल. तसंच म्हणू या. सोमवारी मानांकनाच्या बाई येतायत. जिन्याखालचे कॅन मी हलवलेत. तुम्ही काही बोलू नका, मीही बोलणार नाही."

म्हणजे माझी चूक ते झाकणार आणि त्यांचा पंखा मी झाकायचा. मला त्यांच्या तोंडावर ती टोपली मारावीशी वाटली. मी "बघू" म्हटलं. बघू! ही माझी मर्दुमकी. परत आले तेव्हा धाकटी माझ्याकडे बघत होती. मी तिला फळ चिरून दिलं. तिनं मान फिरवली. गिळायला त्रास होतो तिला.

९ फेब्रुवारी, सोमवार

बोलले.

मानांकनाच्या बाई मागच्या इमारतीत आल्या. स्वभावानं बऱ्या होत्या, मला "काकू" म्हणाल्या. कोपऱ्यातली खोली बघून म्हणाल्या, "छान. काही उग्र वास नाही." ते ऐकलं आणि माझ्यात काहीतरी तुटलं. मी त्यांना बाथरूममध्ये नेलं आणि आतून दार लावलं. साहेब बाहेरच राहिले. झरोक्यातून एवढासा उजेड. मी म्हटलं, "इथे माझी जाऊ पडली. मी चोरून ब्लीच ओतलं होतं, माझी चूक. वरून तिनं तुमचं हिरवं पाणी मारलं. पंखा बंद, कारण पाहुणा नव्हता. पाणी मोजून, कारण मीटर. आणि मला वास येत नाही, या कामानं माझं नाक गेलंय. आता लिहा काय लिहायचं ते."

त्यांचा चेहरा पडला. खरंच पडला, खोटं कशाला बोलू. म्हणाल्या, "काकू, फार वाईट झालं. पण माझ्याकडे पाणी, वीज आणि कचरा एवढंच येतं. कामगारांचं मी तपासत नाही." मग विचारलं, "ब्लीच आता वापरत नाही ना?"

"नाही."

"मग ठीक आहे."

ठीक आहे! मी दार उघडलं. साहेब घामानं भिजले होते. त्यांना वाटलं, गेलं सगळं. काही गेलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मानांकन मिळालं. लॉबीत कारंज्याच्या मागे पानाची पाटी लावली. माळ्यानं तेच ते रोप पुन्हा लावलं, या वेळी साहेबांच्या हातून.

मला बोलावून म्हणाले, बाई, तुमच्या तब्येतीकडे बघा, आराम करा. साफसफाई आता बाहेरच्या कंपनीकडे देतोय, मागच्या इमारतीच्या पोरींना तेच घेतील बहुतेक. बहुतेक! ज्या पोटांसाठी मी हा सगळा उपद्व्याप केला, ती त्यांनी 'बहुतेक'वर सोडली. मी विचारलं, "पंखे?" म्हणाले, "बघू." माझाच शब्द मला परत दिला. मी चाव्यांचा जुडगा टेबलावर इतक्या जोरात आपटला की काचेला तडा गेला. बरं झालं.

धाकटी कालच घरी आली. माझ्याशी एक शब्द बोलत नाही. डॉक्टरीणबाईंनी घशाला आराम सांगितलाय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

घशाला आराम वगैरे काही नाही. दुपारी तिच्या खोलीवरून जाताना ऐकलं, फोनवर भाऊजींशी बोलत होती. आवाज फाटलेला, मध्ये मध्ये खोकला, पण बोलत होती, हसतसुद्धा होती. यांच्याशी बोलते, फोनवर बोलते, फक्त माझ्याशी मुकी!

माझा पारा चढला. मी दार ढकलून आत गेले. "का गं, मी काय शत्रू आहे तुझी? मानांकनाच्या बाईंसमोर कबूल केलं मी. नोकरी घालवली. रोज तुझ्या उशाशी बसते. आणखी काय करू म्हणजे तोंड उघडशील?"

तिनं फोन खाली ठेवला. त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "ताई, मी रोज बादली का ओतायचे?"

मी म्हटलं, "खूळ होतं तुझं."

"तुम्ही ओतून गेलेलं ब्लीच धुवायला. तुम्हाला वाटायचं कुणाला कळत नाही. जिन्यापर्यंत वास यायचा. त्याच्यावर बाटली मारली की डोळे चुरचुरायचे, म्हणून आधी धुवून टाकायचे मी. बाकीच्या पोरींनाही तेच सांगितलं होतं, गुपचूप."

"मग मला सांगायचं नाही?"

ती हसायला गेली आणि खोकत बसली. पाणी द्यायला मी पुढे झाले तर हातानंच थांबवलं. "तुम्हाला? तुम्हाला काही सांगायची सोय असते का ताई? त्या दिवशी सांगत होते ना, बादली घेतलीत तेव्हा. तुम्हाला वेळ नव्हता. साहेबांना सांगितलं असतं तर तुमची नोकरी गेली असती. तुमचं नाक गेलंय हेही मला कधीचं ठाऊक होतं. दूध लागायचं तेव्हा दादांना गप्प कोण करायचं? सगळं घर गप्प असतं तुमच्यापुढे. मी एकटी बडबडत असते, म्हणून तुम्हाला ते कळत नाही."

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलंही होतं. तिच्यावर ओरडावं असं काहीच सापडेना.

एवढ्यात तिनं मान स्वयंपाकघराकडे वळवली. अंगावरचं पांघरूण बाजूला केलं, भिंतीला धरत धरत उठली आणि माझ्या शेजारून गेली. मी तिथेच उभी होते. आतून गॅसचं बटण फिरवल्याचा आवाज आला, मग पातेलं खाली ठेवल्याचा.

दूध होतं. मीच ठेवलं होतं.